रेणूसाठी बदामाची बिस्किटं

प्रिय अक्का,

काल रेणू घरी आली होती. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच! तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहायला बसले. नाहीतर माझं आणि कागदाचं कधी जमलंय?

तुमच्या लेकीला सातवा लागलाय. पण इकडं येण्याचा विषय काढला की फोनवर एकच, "बघू काकू." तिची कन्नडची सासरची माणसं चांगली आहेत, सासू तिला जिवापाड जपते. तरी पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला नको का? भाऊजी आधीच गेले, आता तुम्हीही नाही. आईविना या घराला ती माहेर म्हणेल का, हाच घोर मला लागला होता. शेवटी विचारलं, "रेणू, खावंसं काय वाटतं गं?" मग म्हणाली, "आईची चिनी बिस्किटं."

झाली का माझी पंचाईत! तुम्ही ती करायच्या तेव्हा मी काय करत होते? खात होते. प्रमाण विचारायचं कधी सुचलंच नाही.

चिकलठाण्यात कंपनीच्या गेस्ट हाऊसवर तुम्ही स्वयंपाकाला जायच्या. तिथं मशीन बसवायला आलेल्या चिनी साहेबाच्या बायकोनं ती तुम्हाला दाखवली. तिला मराठी येत नव्हतं, तुम्हाला चिनी. तरी दोघी दुपारभर खिदळायच्या म्हणे! तिच्याकडं त्यात डुकराची चरबी घालतात हे कळल्यावर तुम्ही मुकाट्यानं तुपाचा डबा पुढं केलात. वरून लावायचा अंड्याचा बलक मात्र ठेवलात, आणि सासूबाईंना सांगितलंत, केशर आहे! त्या बिचाऱ्या शेवटपर्यंत केशराचं कौतुक करत राहिल्या.

दुष्काळाची वर्षं होती ती. गावाकडची मेंढरं विकून आपण शहरात आलो, आणि इथंही टँकरचीच वाट बघत बसायचो. समोर मात्र इमारतींवर इमारती चढत होत्या. तिथल्या वॉचमनकडून तुम्ही घमेलंभर वाळू मागून आणलीत, चाळलीत, जर्मनच्या जाड पातेल्यात पसरून गॅसवर तापवलीत. त्यावर ताटली ठेवून पहिली बिस्किटं भाजली. म्हणालात, "ह्याला पाण्याचा थेंब लागत नाय, धाकटे. दुष्काळातलं पक्वान्न हाय हे!"

आणि मी काय करावं? मैदा, बदामाची पूड, पिठीसाखर, तूप सगळं एकत्र केलं आणि तळव्यानं रगडायला लागले. जन्म गेला भाकरी थापण्यात, हात दुसरं काय करणार? पीठ फुटायला लागलं तसा सवयीनं पाण्याचा हबका मारला. तुमच्या धाकट्या दिरांनी एक चावून पाहिलं आणि म्हणाले, "ह्यानं खिळा ठोकता येईल."

मग आठवलं. एकदा मी मदतीला बसले होते तेव्हा माझ्या हातावर चापट मारली होतीत तुम्ही. "लई जोर लावू नको. नुसतं गोळा कर अन् सोडून दे." दुसऱ्या खेपेला तसंच केलं. गोळ्यावर अंगठा दाबला, एकेक बदाम बसवला. झाकण काढलं तर वरून छान भेगा पडलेल्या. अक्का, मला रडूच आलं.

एक राग मात्र आहे तुमच्यावर. पोटातलं दुखणं इतके महिने अंगावर काढलंत. एका चुलीवर जेवलो, एका सतरंजीवर झोपलो, आणि मला सांगावंसं वाटलं नाही? असो. आता भांडून काय उपयोग!

रेणूनं बिस्किट हातात घेतलं, वास घेतला, हळूच चावलं. मी तिच्या तोंडाकडं बघत उभी.

"काकू, आईसारखं नाय झालं."

"व्हय गं, ठाऊक हाय मला."

पण तिनं दुसरं उचललं. मग तिसरं. खाता खाता उठली, तुमच्या खोलीत गेली. दार मी बंदच ठेवलं होतं, तिनंच ते उघडलं. बराच वेळ आत उभी राहिली. मी बाहेरच थांबले, आत जायचं धाडस होईना. मग आतून तिचा आवाज आला,

"काकू, पाळणा कुठं बांधायचा गं इथं?"

काय सांगू अक्का, तेव्हा कुठं मी तुमच्या खोलीचा उंबरा ओलांडला.

आठव्यात तिला घेऊन येते. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाचं न्हाणं, सगळं मी बघेन, तुम्ही काळजी करू नका. तुमची जागा घ्यायला मात्र जाणार नाही. ते मला जमायचंही नाही. फक्त एक शब्द देते. तुमच्या आठवणीनं तिला रडू आलं, तर "गप, बाळंतिणीनं रडू नये" असं मी तिला म्हणणार नाही, आणि कुणाला म्हणूही देणार नाही. रडू देईन. शेजारी बसून मीही रडेन.

तुमची,
धाकटी