गिटारीची मान आणि कुदळीचा दांडा

ओतूर,
कोजागरीनंतरचा मंगळवार

आदरणीय सावळेराम दाजी यांस,

धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे सोपानचा, वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. आपल्या सासूबाई, म्हणजे माझी आई साळुबाई, अजून सकाळी माझ्याआधी उठते आणि मला नावं ठेवते, तेव्हा तिचीही काळजी नसावी. आपला गुडघा काय म्हणतो? आणि भागूअक्काचं बोलणं काही कमी झालं का? (नसणारच. अक्का फोन स्पीकरवर टाकते आणि आमच्या घरातलं सगळं तिकडं पेठ गावच्या बसथांब्यापर्यंत पोचतं, म्हणून तर हे पत्र लिहायची वेळ आली.) सुनीलची पिकअप टोमॅटो घेऊन चाकणला निघाली आहे, तो वाटेत पत्र देईल. त्याला चहा पाजावा, पण पत्र त्याच्यासमोर उघडू नये. आधीच तो मला 'पॉलिशवाले' म्हणायला लागला आहे.

का, ते सांगतो. आपली आरोही पुण्यात पोरांना गिटार शिकवते, कार्यक्रमांत वाजवते, हे आपण जाणताच. गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला घरात काय झालं, ते मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. अंगणात ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, विळे, कुदळी सगळं पूजेला मांडलं होतं, आणि पोरीनं हळूच आपली गिटार आणून पंपाशेजारी ठेवली. मी चार माणसांत म्हणालो, "आरोही, हितं कामाची अवजारं मांडत्यात." तिनं गिटार उचलली आणि आत नेली. त्यानंतर वर्षभर ती घरी आली, हसली, कांदे भरू लागली, पण गिटारीची पिशवी तिनं आमच्या घरात एकदाही उघडली नाही. मला ते फार लागलं, दाजी. पण बाप असं काही बोलून गेल्यावर ते परत कसं घ्यायचं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

या नवरात्रात पिशवी उघडली. वाजवायला नाही, दुरुस्तीला. गिटारीच्या मानेवरचं (दांडी म्हणायचं नाही, मान म्हणायचं, मी दोनदा चुकलो) चकचकीत वार्निश घामानं चिकट झालं होतं आणि हात सरकेना. तिनं चार स्क्रू काढून मान सुटी केली, बोटं ठेवायच्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवली आणि दोन दिवस ओटीवर बसून मागची बाजू घासून कोरी केली. आतलं लाकूड काय निघालं म्हणता! लोण्याच्या रंगाचं. मग नाशिकला तिचे आठवडाभर कार्यक्रम होते, तिथं मैत्रिणीची गिटार मिळणार होती. निघताना मला म्हणाली, "आप्पा, लाकडातलं तुम्हाला कळतं. याला काय लावायचं ते तुम्ही ठरवा. पण लावू नका हं, मी आल्यावर मिळून लावू. आणि तोवर कोऱ्या लाकडाला काही म्हणजे काही लागू देऊ नका."

वर्षानं तिनं मला गिटारीबद्दल काही विचारलं होतं. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी कांद्याच्या रोपाला मी दोनदा पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी मान टॉवेलात गुंडाळून जुन्नर गाठलं. (एसटीत शेजारच्या बाईंनी विचारलं, "पावणं, बॅट हाय का?" मी हो म्हणालो. सगळं समजावत बसलो असतो तर जुन्नर मागं पडलं असतं.) हार्डवेअरवाले मांगीलालशेठ म्हणाले, "सोपानभाऊ, पीयू वार्निश मारा. काचंवानी चमकंल." मी म्हणालो, शेठ, काचेसारखं होतं तेच तर घासून काढलंय. मग त्यांचा विपुल बिनचमकीच्या पीयूचा नमुना घेऊन आला आणि बापलेकांचीच जुंपली. परत येताना ओतूरला गेणभाऊ सुताराकडं थांबलो. त्यांचं मत एकच, चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्यानं लावायची. "माझ्या आज्यानं देवळाच्या दाराला लावली, अजून तशीच हाय." मी विचारलं, त्या दारावरून दिवसभर कुणी हात वरखाली करतं का? तेव्हापासून गेणभाऊ माझ्याशी नीट बोलत नाहीत. घरी आलो तर आई म्हणाली, "गावभर काय हिंडतोस? तुझा बाप कुदळीच्या दांड्याला जवसाचं त्यालच लावायचा. हाताला फोड आला व्हता का कधी?"

दांड्यावरून मला युक्ती सुचली. तळहात ज्याला हो म्हणेल ते खरं. फावड्याच्या दांड्याला विपुलचं पीयू, टिकावाला गेणभाऊंची चपडी आणि कुदळीला जवसाचं उकळलेलं तेल लावलं, वाळू दिलं आणि प्रत्येकाबरोबर अर्धा दिवस बांधावर काम केलं. (कडबाकुट्टीच्या यंत्रानं माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं नेलं, तेव्हा आपणच मला मंचरला दवाखान्यात नेलं होतं. तेव्हापासून ह्या हाताला खोटं चालत नाही.) पीयू घाम येईपर्यंत छान होतं, मग हात धरून ठेवायला लागलं. चपडी दिसायला राणी, पण दुपारच्या उन्हात घामानं तीही रुसली. तेलाचा दांडा मात्र शेवटपर्यंत नुसतं लाकूड हातात असल्यासारखा सरकत होता. झालं, तेल ठरलं. आमच्याकडं कामाला येणारा भिमाजी आता फावडं शेणात घालायला तयार नाही, म्हणतो, "मालक, ह्ये शोकेसात ठेवा."

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग खंडेनवमी आली. अंगणात नेहमीसारखी अवजारं मांडली, आणि ओळीच्या शेवटी, स्वच्छ फडक्यावर, मानही होती. (ती तिथं कशी आली हे विचारू नये. तुलनेसाठी होती असं समजावं.) आईला आता नीट दिसत नाही, हे आपण जाणताच. हळद कालवलेली वाटी हातात, ओळीनं प्रत्येक अवजाराला तीन बोटं ओढली जात होती, ती ओघात मानेवरही ओढली गेली. कोऱ्या लाकडानं हळद अशी पिऊन टाकली की विचारू नका.

मी ओल्या फडक्यानं पुसलं, हळद पसरली. साबण लावला, तर पिवळ्याचं लाल झालं. (हे जगातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं म्हणे. मला आधी कुणी सांगितलं नाही.) घाबरून लिंबू चोळलं, लालाचं परत पिवळं झालं. बारीक पॉलिशपेपरनं घासलं, पण फार घासलं तर मानच बारीक होईल म्हणून थांबलो. बायकोनं, अश्विनीनं, एवढंच सांगितलं की हळद उन्हानं उडते, साडीवरची उडते तशी. म्हणून दोन दिवस गच्चीवर मान मांडीवर घेऊन बसलो. ऊन जास्त झालं तर लाकूड वाकेल म्हणून दर अर्ध्या तासानं सावलीत न्यायचो. शेजारच्या गच्चीवरून लोक बघत होते. त्या दोन दिवसांत मी देवाला एकच मागितलं, की पोरीनं पुन्हा पिशवी बंद करू नये.

आरोही एक दिवस आधीच आली आणि थेट गच्चीवर. मी उभा राहिलो, मान पाठीमागं लपवली आणि म्हणालो, आजीनं लावली. तिनं माझ्या हातातून मान घेतली, उजेडात धरली आणि बराच वेळ पाहत राहिली. सगळी मान फिकट पिवळी, आणि तिच्यावर गडद अशी तीन बोटं, दोन लांब आणि मधलं आखूड. मग ती हसायला लागली. इतकी हसली की जिन्यातच बसली. म्हणाली, "आप्पा, जुन्या गिटारींच्या माना अशाच पिवळ्या असतात. लोक मुद्दाम रंग देऊन करून घेतात. ही बोटं पुसू नका आता, वरून तेल लावू."

चार दिवस आम्ही दोघांनी मिळून तेल लावलं. ती चिंधीनं लावायची, मी पुसायचो. (तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवायच्या नाहीत, पेट घेतात, हे मी तिला सांगितलं. तिला ठाऊक होतं, पण तिनं मला सांगू दिलं.) काल सकाळी तिनं मान बसवली, तारा चढवल्या आणि ओट्यावर बसून वाजवली. वर्षभरानं, दाजी! आई भाकरी टाकायची सोडून दारात आली आणि म्हणाली, "लई ग्वाड वाजतंय गं." माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी ते लपवलंसुद्धा नाही.

असो. गुडघ्याला जपावं. अक्काला नमस्कार सांगावा, बाकी काही सांगू नये.

आपला,
सोपान

ता. क. : आपण ऑर्केस्ट्रात होता तेव्हाची गिटार आपल्या माळ्यावर आहे आणि अक्का तिच्यावर लसणाच्या जुड्या अडकवते, असं ऐकतो. लसूण काढून ती सुनीलबरोबर पाठवावी, एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. पॉलिशला नको आहे. आरोहीनं मला शिकवायचं कबूल केलं आहे. अर्ध्या बोटानं जमेल का विचारलं, तर म्हणते उजव्या हाताचं आहे, तारा डाव्या हातानं दाबायच्या, चालतं.

आणखी एक ता. क. : वर आईचं नाव घातलं, ते खोटं आहे. तिला अजून सुईत दोरा ओवता येतो. मान ओळीत मी ठेवली आणि हळदही मीच ओढली. पोर घरी नव्हती, म्हटलं गेल्या वर्षीचं निदान देवापुढं तरी फेडावं. कोरं लाकूड, काही लागू द्यायचं नाही, सगळं त्या घटकेला विसरलो. आरोहीला गच्चीवरच कळलं होतं. असं आखूड बोट घरात दुसऱ्या कुणाचं आहे? काल निघताना माझा हात धरून म्हणाली, "आप्पा, पुढच्या खंडेनवमीला दोन गिटारी मांडू. तुमच्या गिटारीला हळद मी लावीन." तेव्हा दाजी, लसूण लवकर काढावा.