नदीत टाकलेली राख

प्रिय अम्मिया,

त्या सकाळी मी पीठ मळून झाकून ठेवलं, शेळीचं दूध काढलं आणि धुणं घेऊन ऱ्होन नदीवर गेले. झोटिकसचा अंगरखा त्यात होताच. घालणारा नाही, तरी मी तो धुते.

तो गेल्याचं तुला कळलं असेल. न्यायासनासमोर विचारलं तेव्हा तो सरळ म्हणाला, मी ख्रिस्ती आहे. गर्दीत मी दिसले तशी त्याने मान हलवली, तू बोलू नकोस. घरी त्याची आंधळी आई होती, तिला भरवणार कोण? म्हणून मी गप्प राहिले. या थंडीत सासूबाईही गेल्या.

मारलेल्या ख्रिस्ती लोकांना शिपायांनी पुरू दिलं नाही. जाळलं आणि राख नदीत लोटली. म्हणाले, हे मेल्यावर उठतात म्हणे, बघू आता कसे उठतात! मी खालच्या वळणावर जाऊन घडाभर गाळ भरून आणला आणि उशाशी ठेवला. वाटलं, थोडा तरी हाताशी असावा. निकेतास आजोबा, आमच्या मंडळीतले सर्वांत वयस्कर, घडा बघून हसले आणि डोळेही पुसले. म्हणाले, "अगं वेडे, ज्याने पहिला माणूस मातीतून केला, त्याला तुझी मदत लागणार होय?" मी तो गाळ लसणाच्या वाफ्यात ओतला.

तर त्या सकाळी शेजारची लितुगेना सगळ्या बायकांदेखत म्हणाली, "काय गं, नवरा मासा होऊन येणार की बेडूक? आमच्या कालच्या कालवणात नव्हता ना?" सगळ्या खिदळल्या. घोड्याला पाणी पाजणाऱ्या शिपायाने विचारलं, "ही पण त्यांच्यातलीच का?" लितुगेनाचा चेहरा पांढरा पडला. "छे हो! नवरा गेल्यापासून डोकं फिरलंय बिचारीचं. उठणार म्हणते, एवढंच." शिपाई हसून निघून गेला. तिने मला वाचवलं, अम्मिया. आणि झोटिकस ज्यासाठी मेला, ते माझं वेड ठरलं. मी मान खाली घालून कपडे पिळत राहिले.

हे पत्र पहारेकऱ्याची बायको तुरुंगाबाहेर नेईल. माझं प्रेत मागायला येऊ नकोस, मागणाऱ्यालाही धरतात. नदीकाठी काही शोधूही नकोस. आणि फिलूमेनीचं डोकं फिरलं होतं असं कुणी सांगितलं, तर मानू नकोस, म्हणून हे लिहिलं. त्या धुण्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोळी खाल्ली, केस विंचरले, चौकात गेले आणि अधिकाऱ्यासमोर मोठ्याने म्हणाले, मी ख्रिस्ती आहे, आणि माझा नवरा उठणार आहे.

तुझीच थोरली बहीण,
फिलूमेनी