कोकरू, कच्चा टाका आणि मी

२८ मार्च, गुरुवार

यादविगाला, म्हणजे बायकोला, तीन आठवड्यांसाठी आरोग्यधामाला रवाना करून आलो. गुडघे. मिठाच्या पाण्यात बसवतात म्हणे. निघताना स्टेशनवर सूचना: कुंड्यांना पाणी घाल, झुरेक सुपाचं आंबवण रोज ढवळ, आणि "झेनॉन, माझ्या भरतकामाच्या मशीनला बोट लावायचं नाही." मला हसू आलं. छत्तीस वर्षं भूमापन खात्यात काढलेल्या माणसाला भरतकामात कसला आलाय रस!

संकल्प: ईस्टरपर्यंत गोड बंद. ती येईल तेव्हा घर लखलखीत.

३१ मार्च, रविवार. सकाळी ८

सासूबाईंचा ईस्टरचा रुमाल इस्त्री करून ठेवतो. पांढऱ्या लिननवर पांढऱ्या दोऱ्याचं कोकरू, खांद्यावर झेंडा. सासूबाईंनी लग्नाआधी हाताने भरलेलं. दर वर्षी ईस्टरच्या आदल्या दिवशी यादविगा याच रुमालाने सणाच्या खाण्याची टोपली झाकून आशीर्वादासाठी चर्चला नेते. आयता इस्त्री केलेला पाहून चकित होईल.

तोच दिवस. १०:२०

चकित होईल यात शंका नाही. आजपासून उन्हाळी वेळ, म्हणून घड्याळं तासभर पुढे करायची होती. इस्त्री रुमालावर टेकवून तेवढ्यासाठी गेलो. घड्याळं चार. त्यातलं एक बंद निघालं, म्हणून उघडलं. परत आलो तर कोकराच्या जागी इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग. घड्याळाप्रमाणे सव्वा तास झाला होता. त्यातला एक तास सरकारने पुढे ढकललेला. म्हणजे माझी चूक फक्त पंधरा मिनिटांची.

रुमाल कपाटामागे ठेवला. यापुढे वाफेच्या इस्त्रीला हात लावणार नाही. मन शांत व्हावं म्हणून खसखशीच्या केकचा एक तुकडा खाल्ला. औषध म्हणून.

१ एप्रिल, सोमवार

तोडगा सापडला. यादविगाच्या पेनड्राइव्हमध्ये कोकराचं डिझाइन आहे. तिनेच आईच्या रुमालावरून उतरवलेलं, हुबेहूब. मशीन आहे, डिझाइन आहे, मी आहे. बोट लावायचं नाही म्हणाली होती. पण बटणं पेन्सिलीने दाबता येतात.

लिननचे तीन रुमाल आणले. एक पुरेल. दोन आपले शोभेला.

३ एप्रिल, बुधवार

शेजारच्या लेओकाद्याबाईंना सहज विचारलं, एका मित्राच्या वतीने. त्या म्हणाल्या, "अहो शेजारी, मित्राला सांगा, रिंगमध्ये कापड कितीही ताणलं तरी सरकतं. आधी कच्चा टाका घालायचा. मशीनवर बटण असतं. चित्राभोवती लांब लांब टाक्यांची चौकट घालून देतं. मग कापड आणि खालचा कागद एकमेकांना धरून राहतात. भरून झालं की चौकट उसवायची." शिवाय मित्राला सुई जपून वापरायला सांगितलं. माझ्या बोटावरच्या पट्टीकडे का बघत होत्या, कळलं नाही.

शेवटी उसवायचंच असेल तर घालायचं कशाला? बायकांच्या जुन्या समजुती. ज्याने निम्मा जिल्हा मोजला, त्याला वीतभर कापड सरकण्याची भीती?

५ एप्रिल, शुक्रवार

कापड सरकलं. कोकराला पाच पाय. झेंडा कानातून उगवलाय. लांबून पाहिलं तर बोकड वाटतो, जवळून पाहिलं तर काहीच वाटत नाही.

मोजमाप बरोबर होतं. कापडाने सहकार्य केलं नाही.

६ एप्रिल, शनिवार

फोनवर यादविगाने विचारलं, काय करतोस दिवसभर? म्हटलं, वाचन. मशीनची माहितीपुस्तिका वाचतोच आहे, तेव्हा हे खोटं नाही. म्हणाली, "आवाज असा का येतोय तुझा?" मी म्हटलं, उपवासाने.

९ एप्रिल, मंगळवार

कच्चा टाका घातला. लेओकाद्याबाई म्हणतात म्हणून नव्हे. पुस्तिकेत पान ४७ वर तेच आहे, आणि छापील गोष्टीला मी मान देतो. बटण दाबलं (पेन्सिलीने). मशीनने टकटक करत सुरेख आयत काढला. चारही कोन काटकोन. डोळ्यांत पाणी आलं. मग रिंग उचलायला गेलो. उचलेना. रुमालाचं खालचं टोक दुमडून आत गेलं होतं, आणि त्याच्याबरोबर माझ्या स्वेटरची बाही.

स्वेटर काढून कात्रीने सुटका करून घेतली. ते लेओकाद्याबाईंनी खिडकीतून पाहिलं. म्हणाल्या, "मित्राला थंडी नाही वाजत का?"

आता मित्र अस्तित्वात नाही हे त्यांना कळलंय बहुतेक.

११ एप्रिल, गुरुवार

शेवटचा रुमाल. घाई नाही. तयारी आधी.

यादविगाचा दोऱ्यांचा खण पाहिला. पांढरी रिळं दोन. एक साधं, खणात लोळणारं. दुसरं बंद पिशवीत, सोबत दमटपणा शोषणारी पुडी. वा! इतक्या जपून ठेवलंय म्हणजे हे खास असणार. रेशीमच. बाईमाणूस चांगल्या वस्तू आपल्याच नवऱ्यापासून कशा लपवते पाहा.

निर्णय: कच्च्या टाक्याला साधं रीळ, कोकराला पिशवीतलं.

१२ एप्रिल, शुक्रवार

चौकट उत्तम. बाही लांब ठेवली.

कोकरू भरायला घेतलं. रेशीम फार नाजूक आहे. दर दोन मिनिटांनी तुटतं. आणखी एक चमत्कार: थुंकी लावून दोरा ओवायला जावं तर टोकच चिकट होऊन नाहीसं होतं. पाच वेळा. माझ्या थुंकीत काही दोष असावा. उपवासाने पित्त वाढतं. डॉक्टरांना विचारलं पाहिजे. तोवर पित्त बसावं म्हणून दोन जिंजरब्रेड.

पुढे कोरडाच दोरा ओवला.

१३ एप्रिल, शनिवार. दुपारी १

झालं!!! चार पाय. झेंडा खांद्यावर. मागचा कागद फाडून काढला. बेमालूम.

चौकट उसवायला उसवणी हातात घेतली होती. पण इतकी सरळ रेघ मी नोकरीत असतानाही काढली नव्हती. काढवेना. राहू दे. किनार म्हणून शोभतेय. धुतलं नाही, इस्त्रीही नाही. दोन नकाशांच्या पुस्तकांमध्ये दाबून ठेवलं.

लोकांना उगीच वाटतं हे काम अवघड आहे.

१८ एप्रिल, गुरुवार

यादविगा आली. गुडघे बरे. टोपली टेबलावर मांडून ठेवली होती, वर रुमाल. तिचा चष्मा सामानात होता. तिने कोकरावरून हात फिरवला. बराच वेळ. म्हणाली, "आईचा हात किती बारीक होता ना रे." मी मान डोलावली. मग विचारलं, धुतलास का, उजळ दिसतोय. आणि ही किनार? मी म्हटलं, कड सुटत होती, म्हणून टाके घातले. हाताने. ती म्हणाली, "तू? हाताने?" आणि गालाचा पापा घेतला.

योजना यशस्वी. केकचा एक तुकडा खाल्ला. पित्तावर.

२० एप्रिल, शनिवार. दुपारी

लिहितो. क्रमाने.

चर्चबाहेर लांब टेबलं, टोपल्यांची रांग. आमची मधोमध. लेओकाद्याबाईंची शेजारी. यंदा आशीर्वाद द्यायला धाकटे फादर. तरुण आहेत, व्हॉलीबॉल खेळतात. एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्या हातात झाडूएवढा कुंचला. मोठे फादर चार थेंब उडवतात. यांनी आमच्या टोपलीवर नुसता पाऊस पाडला. लोक खूश.

आधी कोकराचे पाय गेले.

मग झेंडा. मग पोट. यादविगा वाकून बघत होती, आता चष्मा लावून. मिनिटाभरात कोकराच्या जागी पांढरा चिकट लगदा, आणि खालचा दोरा शेवयांसारखा सुटून हॅमवर आणि अंड्यांवर. फादर घाबरले. घाबरून त्यांनी आणखी पाणी शिंपडलं.

उरली फक्त चौकट. काटकोनात, रिकामी.

लेओकाद्याबाई म्हणाल्या, "अगं बाई! पण कच्चा टाका काय सुरेख घातलाय!"

यादविगाने लगदा बोटाने पुसला, हुंगला, आणि हळूच विचारलं, "पिशवीतलं रीळ?" मी मान हलवली. ती म्हणाली, "ते पाण्यात विरघळणारं आहे, झेनॉन. कच्च्या टाक्यासाठी ठेवलंय मी. उसवायला नको, ओल्या फडक्याने पुसलं की जातं."

घरापर्यंत ती पुढे चालत होती. टोपली मीच धरली होती.

२१ एप्रिल, ईस्टर

तिने विचारलं, आईचा कुठाय? कपाटामागून काढून दिला. घड्याळांचं कारण सांगायला सुरुवात केली होती, सरकारपर्यंत पोचलो नाही. तिने तो डागासकट टेबलावर अंथरला, डागावर पावाची परडी ठेवली, अंडं कापून निम्मं माझ्या ताटलीत वाढलं.

मग म्हणाली, "रुमाल जळतो रे. माझ्या हातूनही जळला असता. पण गुरुवारी मी त्या तुझ्या कोकरावर हात फिरवत आईला आठवत होते, आणि तू समोर उभा राहून मान डोलावत होतास."

इथे कारण लिहायला जागा सोडली होती. सकाळपासून शोधतोय. नाही सापडत. फार वाईट वाटतंय.

२२ एप्रिल, सोमवार. सकाळी ६:३०

आज एकमेकांवर पाणी उडवायचा सण. चाळीस वर्षं यादविगा ओंजळभर पाणी मानेवर सोडते, मी ओरडतो, ती हसते. यंदा काही नसेल असं धरून निवांत झोपलो होतो.

बादली. अख्खी. विहिरीच्या पाण्याची.

डोळे उघडले तर ती पायथ्याशी, कमरेवर हात ठेवून, चष्मा लावून निरखून बघत होती. म्हणाली, "बघत होते, तूही विरघळतोस का ते."

नाही विरघळलो. गादी वाळत घातली आहे.