सात नावांची गोधडी

दारव्हा,
१४ मार्च २००६

थंड खोलीतल्या भगिनींनो,

(म्हणजे एकटी तूच, दीपा, पण समोर सभा आहे असं धरल्याशिवाय मला लिहिता येत नाही.) सप्रेम जयभीम. आपल्यावर अन्याय झाला आहे. तीस वर्षांपूर्वी नागपूरच्या त्या कापूस खरेदीच्या ऑफिसात आपण सात पोरी कार्डांना भोकं पाडत बसायचो, आणि ती भोकं वाचून मशीन हिशेब करायचं. मशीनला थंडी हवी म्हणून आपण मे महिन्यात स्वेटर घालायचो. उद्घाटनाच्या फोटोत साहेब आले, मशीन आलं, कोपऱ्यातली सुरईसुद्धा आली. आपण आलो नाही. तुझा गुडघा कसा आहे? अतुलरावांचा खोकला गेला का? माझं ब्लडप्रेशर आठ तारखेपर्यंत उत्तम होतं.

आठ तारखेला यवतमाळहून कुंदा आली. हो, आपली कुंदा, सातांत सर्वांत हळू हात चालणारी, चहा हवा का विचारलं तरी दारामागे जाऊन विचार करणारी. तिने म्हणे गोधडी शिवली आहे. आईच्या जुन्या पांढऱ्या लुगड्यांची, खाली काळं कापड, आणि वरच्या थरात आपल्या कार्डासारखी चौकोनी भोकं कापलेली. सात ओळी, कार्डावरच्या भोकांच्या लिपीत आपली सात नावं, आपण बसायचो त्या क्रमाने. मी पाहिलं आणि माझ्या पोटात दुखलं. महिनाभर मी महिला दिनाचं भाषण तयार करत होते. (चंद्रावर गेलेल्या यानाची स्मरणशक्ती बायकांनी हाताने तारा ओवून तयार केली, हे दारव्ह्यात माझ्याशिवाय कोणी वाचलं आहे? पैज लाव.) पण माणसं पाहायला आली गोधडी. सोमवारी ती नागपूरच्या प्रदर्शनाला जाणार आहे. मला आजवर यवतमाळच्या पुढे कोणी भाषणाला बोलावलेलं नाही.

समाजमंदिर भरलं होतं. यंदा कापसाला भाव नाही, वेचणीची मजुरी लवकर संपली, त्यामुळे बायका मोकळ्या होत्या. (हे मी भाषणात वेगळ्या शब्दांत मांडलं.) गोधडी मागच्या बाजूला दोन बाकांवर पसरलेली, सभेची तिच्याकडे पाठ, कुंदा पहिल्या रांगेत मान खाली घालून. मी तास-दीड तास बोलले. टाळ्या पडल्या. वळून पाहतात तर शेवटच्या बाकावरच्या धुरपताबाई आणि त्यांच्या तिघी शेजारणी गोधडी मांडीवर घेऊन बसलेल्या, आणि भोकांवर ठिगळं. धुरपताबाई गावभर गोधड्या शिवून देतात, सुईदोरा त्यांच्या पानाच्या चंचीतच असतो. लाल, हिरवी, फुलाफुलांची ठिगळं, एकेक टाका मुंगीएवढा.

"एवढी मोठी गोदडी अन् सारी उंदरानं खाल्लेली," धुरपताबाई म्हणाल्या. "मले पाहवलं नाही. हे बाई तर बोलूनच राह्यली होती, मंग हात रिकामे कायले ठेवा?"

मला वाटलं कुंदा रडेल. (खोटं कशाला सांगू, मी वाट पाहिली.) ती ठिगळांवरून बोट फिरवत म्हणाली, "बाई, तुमचे टाके माझ्यापेक्षा बारीक आहेत," आणि चौघींना चहा दिला. सगळी सभा हसली, मग तिच्याभोवती जमली. मी माइकची वायर गुंडाळली.

आता ती एकटी बसून ठिगळं उसवते आहे. महिन्यापूर्वीच तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. बाकी सर्व क्षेम.

तुझी,
शीला

ता. क. व्यासपीठावरून मागचा बाक स्वच्छ दिसतो. पहिलं ठिगळ लागलं तेव्हा मी विसाव्या मिनिटाला होते. भाषण चाळीस मिनिटांचं होतं. उरलेलं मी तिथल्या तिथे रचलं. तिसऱ्या ओळीत तुझं नाव होतं, तेही माझ्या डोळ्यांदेखत बुजलं, आणि तेव्हा मी बायकांची नावं इतिहासात कशी बुजवली जातात हेच सांगत होते.

ता. क. दुसरा. सहा ओळी बंद झाल्या, सातवी उघडी राहिली, कारण मला शेवटी खोकला आला. दाराजवळ कोण बसायचं, आठवतं? हॉल रिकामा झाल्यावर मी त्या ओळीवरून बोटं फिरवली. सहा इंग्रजी अक्षरं, प्रत्येकाला दोन भोकं, तिसरं आणि चौथं सारखंच. कुंदाने माझी भोकं सगळ्यांत नीट कापली आहेत. अजून पाच मिनिटं बोलले असते तर मीच मला शिवून टाकलं असतं.

तिला हे सांगायचं आहे. हजार माणसांपुढे बोलणारी मी, तिच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परतले. तू माझं प्रत्येक कार्ड तीच अक्षरं पुन्हा टाइप करून तपासायचीस, चूक असली की तुझं मशीन अडायचं. तेव्हा रविवारी पहिल्या एसटीने यवतमाळला ये. मी स्टँडवर उभी असेन. तिच्याकडे मी बोलेन, तू शेजारी बस, आणि मी लांबण लावली की अडव. येताना बारीक टोकाची कात्री आण. तिसरी ओळ तूच उसव.