शिक्का चालणार नाही, सही हवी

४ मार्च, हेलसिंकी

नाही म्हणजे नाही! पाण्याखालचं ऐकणारी चाळीस यंत्रं चीनला पाठवायची — कशाला? तर म्हणे, तळ्यातले छोटे डॉल्फिन मोजायला! एकवीस वर्षं मी निर्यातपरवाने तपासतेय. शस्त्रबंदी आडवी आली की प्रत्येकाचं यंत्र अचानक पर्यावरणाचं होतं. डॉल्फिन ऐकणाऱ्या यंत्राला पाणबुडीही ऐकू येते. कुठेतरी पाणी मुरतंय.

५ मार्च

आमचे साहेब, इल्पो, हवालदिल. "अगं तूलिक्की, एप्रिलमध्ये चीनचे मंत्री येतायत. त्याआधी मिटव ना हे!" मंत्री येतात म्हणून मी डोळे मिटू?

९ मार्च

यंत्रं मागणाऱ्या संस्थेचे प्राध्यापक लुओ स्वतः आले. साठीचे. बर्फात पातळ बूट! कॉफी घेतली, दालचिनीच्या पावाला हात लावला नाही. यंत्रं लष्कराकडे जाणार नाहीत असं हमीपत्र आणलं. खाली लालभडक शिक्का. सही नाही!

"बाई, आमच्याकडे शिक्का म्हणजे संस्था. माणसाची सही कशाला?"

"आमच्याकडे माणूसच लागतो. तुमच्यात कुणी नाव घालायला तयार नाही, असं समजू का?"

हसले. मला नाही आवडलं ते हसणं.

१३ मार्च

पुन्हा आले. आज आवाज ऐकवले. डॉल्फिनची बारीक टिकटिक, मग सगळं बुडवणारी घरघर. "वाळू उपसणाऱ्या बोटी. बंदी आहे, तरी चालतात. या गोंगाटात पिल्लाला आई सापडत नाही." बोलताना चष्मा काढून पुसला. नाटक? असेल. मी ते आवाज पुन्हा लावायला सांगितले, खोटं कशाला लिहू! पण दुधाने तोंड पोळलंय. मागे एकाचं हवामानाचं यंत्र थेट युद्धनौकेवर निघालं होतं.

"सही," मी म्हटलं.

"संचालक करणार नाहीत. मी केली तर?"

"करा. घरचा पत्ताही घाला."

पेन बराच वेळ नुसतं हातात धरलं. मग केली.

१४ मार्च

परवाना दिला. इल्पोने केक आणला.

२ सप्टेंबर

यंत्रं तळ्यात उतरल्याचं लुओंनी कळवलं. पण खरंच तळ्यात? कोण बघायला गेलंय!

१२ ऑक्टोबर

त्यांच्या संस्थेने हमीपत्राची प्रत मागितली — फक्त लुओंच्या सहीचं पान. म्हटलं नव्हतं मी? निघालं ना काहीतरी! तासाभरात पाठवली. इल्पोलाही विचारलं नाही.

३ नोव्हेंबर

लुओंच्या मुलीचं पत्र. यंत्रं तळ्यातच होती, चाळीसच्या चाळीस. त्यांत टिपलेल्या आवाजांवरून वाळूच्या बोटी पकडल्या गेल्या. मग बोटवाल्यांनीच ओरड केली — परदेशी यंत्रं, हेरगिरी! संस्थेने हात झटकले: आमचा संबंध नाही, एकट्या लुओंचं काम, हे बघा सहीचं पान. पोलीस घरी आले, बापाला घेऊन गेले. तीन आठवडे झाले. ती विचारते, "बाई, बाबांनी तुम्हाला नक्की काय लिहून दिलं होतं?"