बावखल भरल्यावर

७ मे २००६

सोसायटीची सभा झाली. ठराव एकमताने मंजूर! म्हणजे बाकीचे चहाला उठले होते.

गेल्या पावसाळ्यात सांडपाणी शुद्ध करणारा आमचा प्रकल्पच खाडीच्या पाण्यात बुडाला आणि अख्ख्या बिल्डिंगचं मैलापाणी उलटं आमच्या घरात आलं. विनयाच्या गुडघ्यांसाठी हौसेने घेतलेला तळमजला! तिने तेव्हाच बजावलंय, "पुन्हा घरात पाणी आलं, तर मी ठाण्याला भावाकडे. कायमची." माझी बायको पोकळ धमक्या देत नाही.

सल्लागार देवेश लॅपटॉप घेऊन आला होता. हवामान बदलतंय म्हणे. समुद्र चढतोय, पाऊस यापुढे एकदम कोसळणार. उपाय - प्रकल्प उंचावर न्यायचा आणि नाल्याच्या तोंडाला झडप बसवायची. भरतीचं पाणी आलं की झडप बंद. पटलं. आमच्या या उमेळे गावात उंच जागा नाही, एवढीच अडचण. मग ती करायची!

९ मे

भिंतीपलीकडे हरिश्चंद्रकाका आणि प्रेमलताकाकूंची वाडी. तिच्या कडेला बावखल - पावसाचं पाणी साठवून केळी शिंपायला काकांच्या आजोबांनी खणलेलं तळं. आता वाडीत बोअरिंग आलंय, त्यामुळे बावखलात नुसतं शेवाळ आणि बेडूक. ते आम्ही भरायचं. अर्ध्यावर उंच चौथरा करून प्रकल्प, अर्ध्यावर बाग. बदल्यात शुद्ध केलेलं पाणी काकांच्या केळींना. वाटलं, काका भांडतील.

"फुकटात भरून देता? भरा की! डास तरी जातील."

विनयाने विचारलं, "मग पावसाचं पाणी जाणार कुठे?" मी म्हटलं, "नाल्यात." त्यावर ती उठून भांडी आवरायला गेली. पटलं असावं.

१ जून

उद्घाटन. नारळ मीच फोडला. बागेला पाटी लावलीय - 'सचिव प्रल्हाद तांबे उद्यान'. नको नको म्हणत होतो. फार जोरात नाही.

१२ जुलै

काल पौर्णिमेचं उधाण आणि वर धो धो पाऊस. झडप अगदी वेळेवर बंद झाली. खाडीचा थेंबही आत आला नाही. उत्तम! पावसाचा थेंबही बाहेर गेला नाही. पूर्वी आवारातलं पाणी उताराने बावखलात जायचं. आता तिथे माझी बाग. मग ते आमच्या हॉलमध्ये आलं. शोकेसखाली एक बेडूकही सापडला. बिचारा जुना पत्ता शोधत असावा.

देवेशचा फोन आला. "सर, प्लांट सेफ आहे ना?"

होता ना! उंचावर, ठणठणीत. मी सोफ्यावर उभा राहून बोलत होतो.

"ग्रेट! आता फक्त ओहोटी लागेपर्यंत पावसाचं पाणी थोपवायला एक तळं लागेल. जवळपास सखल जागा आहे का, सर?"

फोन ठेवला. त्याच्यावर ओरडायला हवं होतं, पण माझीच मला लाज वाटली.

विनया बॅग भरतेय. तिने भांडावं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय.

१३ जुलै

गेली. दार लोटल्याचा आवाज आला. थांब म्हणायचं होतं. कुठल्या तोंडाने म्हणणार? चिखल पुसत बसलो.

१४ जुलै

ठाण्याला फोन करायला रिसीव्हर उचलला. ठेवला. पुन्हा उचलला. ठेवला.

१५ जुलै

सकाळी घरघर ऐकून खिडकी उघडली. बागेत जेसीबी! आणि त्याच्या शेजारी पदर खोचून विनया, ड्रायव्हरला सांगतेय, "अजून खोल. तळ लागू दे." ठाणं कुठलं - दोन दिवस बाई भिंतीपलीकडे प्रेमलताकाकूंकडे होती!

धावत तिकडे गेलो. काका ओटीवर बसून हसत होते. "भरताना तुम्ही विचारलंत, खणताना विनयाने. मी दोघांनाही हो म्हटलं!"

"ती पाटी मध्ये येतेय," विनया म्हणाली. ड्रायव्हरला. माझ्याकडे बघितलंही नाही.

पाटी मीच उपटली. मग काकूंच्या ओटीवरची बॅग उचलली आणि घराकडे निघालो. तिने अडवलं नाही.