तोफेचा दुसरा बार

६ जून १९४३
दोन! पाणबुडी बंदरात शिरताना तोफेचे दोन बार काढले आम्ही! बुडवलेल्या जहाजामागे एक बार, बारामागे स्वयंपाकघरातून एक भाजलेलं डुकराचं पिल्लू — आमच्या उत्तरेकडच्या ताफ्याची रीतच आहे ती. धक्क्यावर आचारी प्रोखोरकाका झारा परजत उभा. "ग्लेब, गाढवा, दोन-दोन पिल्लं आणू कुठून?" "ते तू बघ! आम्ही आमचं काम केलं!"

रोजनिशी लिहायला बंदी आहे. असू दे. आज आनंद पोटात मावत नाहीये!

मालवाहू जहाज बुडताना कमांडरसाहेबांनी डोळ्यांनी पाहिलं. दुसरं गस्तीचं, शत्रूच्या खाडीच्या तोंडावरचं. त्याच्यावर टॉर्पेडो सोडला आणि लगेच खोल बुडी मारली, म्हणून ते कुणीच पाहिलं नाही. स्टॉपवॉच माझ्या हातात. सगळे श्वास रोखून बसलेले. धडाम! जरा उशिरा आला आवाज, पण आला! "लागला?" कमांडरसाहेब. "लागला!" मीच ओरडलो.

७ जून
डोकं ठणकतंय. पिल्लू मात्र फक्कड होतं.

९ जून
लाल ताऱ्याचं पदक! मला! वोडकाच्या पेल्यात पदक टाकलं, पेला एका दमात संपवला, पदक दातांत पकडलं. सगळे टाळ्या पिटत होते. माझा दोस्त साव्वा शेजारच्या पाणबुडीवर आहे. म्हणतो, "लेका, तुझ्यासारख्या ठोंब्याला पदक मिळतंय, म्हणजे मी ॲडमिरल झालोच की!" आईला पत्र लिहिलं. तीनदा वाचून पाहिलं.

११ जून
साव्वाची पाणबुडी त्याच खाडीकडे निघाली. शिडीवरून ओरडला, "वाट मोकळी करून ठेवलीस, शाब्बास!" मी हात हलवला. हसलोसुद्धा.

आता खरं लिहितो. घड्याळात एक्याऐंशी सेकंद होते. त्या गस्तीच्या जहाजापर्यंत पोचायला टॉर्पेडोला पन्नासच लागतात. एक्याऐंशीला जहाजामागचा किनाऱ्याचा कडाच लागतो. खडकावर फुटला माझा टॉर्पेडो, ते जहाज अजून तिथेच आहे! आकडा मी तेव्हाच पाहिला होता. पाहिला, आणि तरी ओरडलो.

१२ जून
कदाचित घड्याळच चुकलं असेल.

१३ जून
नाही चुकलं. गेलो कमांडरसाहेबांकडे. सगळं सांगितलं. चहाचा पेला त्यांनी हळूच खाली ठेवला.

"मी विचारलं तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि साव्वा निघाला तेव्हा?"

"तेव्हाही."

ते उठले, स्वतः जाऊन साव्वाच्या पाणबुडीला बिनतारी संदेश पाठवून आले. पाणबुडी पाण्यावर आली तरच त्यांना ऐकू जाणार. मी पदक काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं. "लाव छातीला. साव्वा येईपर्यंत रोज हे लावून धक्क्यावर उभा राहा."

१४ जून
उभा होतो. येणारे-जाणारे पाठ थोपटतात! जमिनीने पोटात घ्यावं असं वाटतं.

१६ जून
उत्तर नाही. उत्तरेच्या या उन्हाळ्यात सूर्य काही मावळत नाही, दिवस काही संपत नाही.

१८ जून
आली! आली रे आली! वळणावरून साव्वाची पाणबुडी! पुढचा भाग चेपलेला, पण तरंगतेय! आणि तोफेचा बार — एक! मी वेड्यासारखा धावलो, प्रोखोरकाकाला धडकलो, रडत होतो की हसत होतो कुणास ठाऊक. संदेश त्यांना मिळालाच नव्हता.

आधी दोन स्ट्रेचर उतरली. दोन्हींवर तोंडापर्यंत ओढलेली चादर. मग साव्वा.

"साव्वा! काय बुडवलंस रे?"

त्याने माझ्या छातीवरच्या पदकाकडे पाहिलं.

"तुझंच," म्हणाला, आणि स्ट्रेचरांमागून चालू लागला.